न उमटलेली रेघ

लघवीबद्दल चारचौघांत बोलू नये, असं मला लहानपणी शिकवलं होतं. गेलं वर्षभर आमच्या घरात दुसऱ्या कशाबद्दल बोलणंच झालेलं नाही.

मी वैशाली. सिडकोत राहते, घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. नवरा संदीप वाळूजला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे आणि मुलगी रेवा चौथीत आहे. व्यसनी माणूस कसा असतो, असं तुम्ही मला दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर मी नाल्याकाठी पडलेला, केस पिंजारलेला कुणीतरी सांगितला असता. माझे केस तर नेहमी तेल लावून विंचरलेले असायचे.

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लिहा. तुमच्यासारख्या बायका पुढे येत नाहीत." मी काही पुढे आलेली बाई नाही, मला उचलून आणलं होतं. तरी लिहिते. पण ही बरी होऊन लिहितेय, असं मात्र समजू नका. गोळी सुटली आहे. बरं होणं हे वेगळंच काहीतरी असावं, ते मला अजून भेटलेलं नाही.

*

शिवणकाम करणाऱ्या बाईला पाठीचं दुखणं चुकत नाही. लग्नसराईत मी सकाळी मशीनवर बसायची ते दिवेलागणीलाच उठायची. एक दिवस खाली पडलेली कात्री उचलायला वाकले आणि वर येताच येईना. मणक्यातली गादी सरकली होती. हाडाच्या डॉक्टरांनी आराम सांगितला, पट्टा सांगितला आणि थोड्या दिवसांसाठी एक गोळी लिहून दिली. आराम आणि पट्टा माझ्याच्यानं झाला नाही. गोळी तेवढी मी मनापासून घेतली.

ती अफूच्या जातकुळीतली, फक्त कारखान्यात बनलेली, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की पाठ गप्प झाली आणि पाठीबरोबर बाकीचंही सगळं गप्प झालं. सासूबाईंचे फोन, "काकू, उद्या हळद आहे, ब्लाऊज आजच पाहिजे" म्हणणाऱ्या पोरी, संदीपची शिफ्ट, रेवाचा गृहपाठ, सगळे आवाज पलीकडच्या गल्लीत गेल्यासारखे झाले. त्याआधी मला इतकं निवांत कधीच वाटलं नव्हतं. गोळीत काही सुख नसतं असं जो सांगतो, त्यानं ती खाल्लेली नसते.

चिठ्ठी जुनी झाली तरी मेडिकलवाला गोळ्या देत राहिला. ओळखीचा होता, त्याच्या बायकोचे ब्लाऊज मीच शिवायचे. पुढं तोही कुरकुरायला लागला, तेव्हा मी दुसरं मेडिकल बघितलं, मग तिसरं. पाठ दुखायची केव्हाच थांबली होती. गोळी चुकली की मात्र अंगाला दरदरून घाम यायचा, नाक गळायचं, पाय जागेवर राहायचे नाहीत, आणि रेवानं नुसतं "मम्मी" म्हटलं तरी मी खेकसायची. गोळी घेतली की मी पुन्हा चांगली आई व्हायची. यातली कुठली मी खरी, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आता सारखा पडतो.

*

फॉलच्या डब्यात संदीपला रिकाम्या स्ट्रिपा सापडल्या. शर्टाचं बटण तुटलं म्हणून तो दोरा शोधत होता.

"हे काय आहे?"

"पाठीच्या गोळ्या आहेत."

"एवढ्या?"

"जुन्या आहेत अहो."

तो ओरडला नाही. संदीप ओरडणारा माणूस नाही. कंपनीत तो दिवसभर माल तपासतो, आणि माणसाच्या शब्दापेक्षा मापाच्या गेजवर त्याचा जास्त विश्वास. जेवताना तो एवढंच म्हणाला, "उद्या लघवी तपासून घेऊ. होऊन जाऊ दे एकदाचं." मला जेवण गेलं नाही.

कॉलनीतल्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवरचा माणूस बोलता बोलता पाचोडचा निघाला, म्हणजे संदीपच्याच गावचा. वडिलांना ओळखणारा. त्यानं विचारलं, "काय करायचं दादा?"

संदीपनं मागं बघितलं. रांगेत दोन बायका उभ्या होत्या. "मिसेसची लघवी तपासायचीय."

"रुटीन का?"

"हां, रुटीनच." मग आवाज खाली आणून, "सगळं येतं ना त्यात?"

"येतं की. सगळं येतं."

नशा हा शब्द संदीपच्या तोंडून निघालाच नाही. कसा निघणार? पाटलाचं घर, गावचा माणूस, मागं बायका. तो शब्द त्यानं गिळला आणि मी ती बाटली घेऊन आत गेले. सकाळीच मी दोन गोळ्या घेऊन आले होते, कारण त्यांच्याशिवाय मला जिना उतरता आला नसता. मला वाटलं, संपलं सगळं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर नाही, प्रोटीन नाही, पू नाही. सगळं नॉर्मल. संदीपनं तो कागद दोनदा वाचला, गुलमंडीवरून इमरती घेऊन आला आणि देवापुढं ठेवून माझ्यासमोर उभा राहिला. "मला माफ कर वैशाली," म्हणाला. "मी काहीबाही डोक्यात घेतलं." पाचोडला फोन करून आईला सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल आला. तसलं काही नाही." रेवा इमरती खात होती. मीही खाल्ली.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. इतकी मोठी गोष्ट शरीरात घेऊन मी फिरत होते आणि शास्त्राला ती दिसली नव्हती. मग मीच माझी समजूत घातली. लघवीत उतरत नाही म्हणजे ती गोळी फारशी वाईट नसणार. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी लॅबच्या शिक्क्याची होती.

*

फिट आली तेव्हा मी मशीनवर होते. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते रेवाच्या तोंडून ऐकलेलं: मम्मीचे डोळे वर गेले, मशीन चालूच राहिली, सुई बोटात घुसली, मम्मी खाली पडली. रेवानंच मशीनचं बटण बंद केलं आणि शेजारच्या काकूंना बोलावलं. एवढंच करून ती कपाटामागं जाऊन बसली, ती संदीप येईपर्यंत बाहेर आली नाही.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी सरळ विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का? झोपेच्या, दुखण्याच्या?"

संदीप पुढं झाला. आवाजात अगदी ठामपणा होता. "नाही मॅडम. आम्ही युरिन टेस्ट केलेली आहे. नॉर्मल आहे." मोबाईलमध्ये फोटो होता, तो त्यानं काढून दाखवला.

मॅडमनी तो फोटो बघितला. मग खुर्चीवर बसल्या. उभ्याउभ्या सांगण्यासारखं नसलं की डॉक्टर बसतात, हे मी तेव्हा शिकले. त्या म्हणाल्या, "ही साधी तपासणी आहे. यात साखर बघतात, प्रोटीन बघतात, जंतुसंसर्ग बघतात. नशेचं औषध यात कुणी शोधतच नाही. ते सांगून करून घ्यावं लागतं, त्याची तपासणी वेगळी असते. आणि काही गोळ्या तर त्या वेगळ्या तपासणीतही सापडत नाहीत, त्यांचं नाव घेऊनच शोधावं लागतं."

"पण तो म्हणाला सगळं येतं," संदीप म्हणाला.

"तुम्ही त्याला काय शोधायचं ते सांगितलं होतं का?"

मॅडम माझ्याकडं वळल्या, आणि मी गोळीचं नाव सांगितलं. किती घेते तेही सांगितलं. फिट त्या गोळीनंच आली असणार, असं मॅडम म्हणाल्या. संदीप माझ्याकडं बघत नव्हता, मोबाईलमधल्या त्या फोटोकडं बघत होता. इतकं कुणाला फसलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि फसवणारी मी होते. "याला व्यसन म्हणतात," मॅडम म्हणाल्या, "आणि हा आजार आहे." पहिला शब्द खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. दुसरा बहुतेक मला एकटीलाच.

त्याच दिवशी रेवाला पाचोडला पाठवलं. मी वॉर्डात होते, मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?

*

गोळी सुटताना काय होतं ते मी थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगायला मला भीती वाटते. हाडांच्या आतून खाज सुटते, आणि तिथं नख पोचत नाही. पाय आपले राहत नाहीत. उलट्या, जुलाब, थंडी, सगळं एकदम. पण शरीराचं सोसता येतं. सोसत नाही ते मन. वॉर्डाच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, डोंगर आणि तळं असलेलं. त्याकडं बघून मला रडू फुटायचं, कारण आता आयुष्यभर गोष्टी अशाच दिसणार, कडक आणि उघड्या, मध्ये काही पडदा नाही, असं वाटायचं. मला मरायचं नव्हतं. पण असं जगायचंही नव्हतं. हे मी मॅडमना सांगितलं, आणि तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही कुणाला तरी सांगाच. त्यांनी त्या दिवसापासून माझ्या खाटेजवळ माणूस ठेवला. ते दिवस निघून गेले.

तिथं लघवीचा नमुना एकटीला देऊ देत नाहीत. लोक पाणी मिसळतात, दुसऱ्याची आणतात, म्हणून कुणीतरी आत उभं राहतं. माझ्या वाट्याला नसरीन सिस्टर यायच्या. पहिल्या दिवशी मी बाटली धरून तशीच बसून राहिले. होईचना. चौथीतल्या पोरीची आई, सदतीस वर्षांची मी, आणि दारात माझ्या लघवीवर पहारा.

नसरीन सिस्टर म्हणाल्या, "आरामसे करो ताई. मी तिकडं बघते. नळ सोडू का थोडा?" त्यांनी नळ सोडला आणि भिंतीकडं तोंड करून आपल्या सासूच्या कागाळ्या सांगायला लागल्या. सासू बिर्याणीत मीठ कमी म्हणते, मग वरून घेत नाही, तशीच खाते आणि आठवडाभर सुनावते. मी हसले, आणि झालं. वॉर्डातल्या सगळ्या दिवसांत मी हसले ती तेवढीच वेळ. नियमानं त्यांनी माझ्याकडं बघायला हवं होतं. त्यांनी नाही बघितलं, आणि मीही त्यांना कधी फसवलं नाही.

*

घरी आले ती अटी घेऊन. ठरलं ते असं: दर आठवड्याला तपासणी, लागोपाठ तीन रिपोर्ट स्वच्छ आले की रेवा परत येणार. अट संदीपची की पाचोडची, कळलं नाही. मी वाद घातला नाही. वाद घालायला आधी आपली काही पत असावी लागते.

पिशोरहून माझी आई येऊन राहिली. आईला नशा, व्यसन हे शब्द कळत नव्हते असं नाही, पण तिनं ते घरात येऊ दिले नाहीत. ती "वैशीचं दुखणं" म्हणायची. माझं जेवण, माझं पाणी, माझं अंघोळीचं गरम पाणी, सगळं ती बघायची. संदीप कामावर जायचा, यायचा, जेवायचा, रेवाला फोन करायचा. फोन माझ्याकडं द्यायचा तेव्हा स्पीकर चालू करून द्यायचा.

पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. दुसराही आला. मी रेवाचा शाळेचा नवीन फ्रॉक शिवायला घेतला.

झोप मात्र येत नव्हती. गोळी सुटल्यावर झोप सगळ्यात शेवटी परत येते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी खाटेवर तळमळत पडायची आणि आई शेजारी बसून पाय चेपायची. एका दुपारी ती म्हणाली, "थांब बाई, तुला खसखशीची खीर करते. लई गुण येतो. तू बारकी असताना झोपायची नाय, तव्हा बी हेच देत व्हते."

खसखस भाजून, भिजवून, ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटलेली. दूध, गूळ, वर जायफळ. आमच्याकडं बाळंतिणीला देतात, पोट बिघडलं तर देतात, झोप येत नसेल तर देतात. वाटीभर खाल्ली आणि मी झोपले. कितीतरी दिवसांनी खरोखरची झोप. दुसऱ्या दिवशी आईनं पातेलंभर केली. मी दोन वाट्या खाल्ल्या. आई माझ्याकडं बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी माझ्या लग्नात पण बघितलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या सकाळी तिसरी तपासणी होती.

*

ती तपासणीची पट्टी मला आता पाठ आहे. एका पट्टीवर बरीच नशेची औषधं, प्रत्येकाची एक जागा. लघवीचे थेंब टाकायचे आणि थांबायचं. गंमत अशी, की सगळं उलटं असतं. रेघ उमटली तर तुम्ही स्वच्छ. रेघ उमटली नाही तर सापडलं.

नसरीन सिस्टरच्या हातात पट्टी होती. एकेक रेघ उमटत गेली. अफूच्या जागी उमटली नाही. त्यांनी पट्टी उजेडाला धरली. मग खाली ठेवली. मी म्हटलं, "फिकट असेल, येईल." नसलेल्या रेघेकडं माणूस किती वेळ बघत बसू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. संदीप माझ्या मागं उभा होता. या वेळी तो मुद्दाम सुट्टी टाकून आला होता, कारण तिथून आम्ही तडक रेवाला आणायला जाणार होतो. गाडीत तिच्यासाठी केळी घेतलेली होती.

मॅडमनी पट्टी बघितली आणि विचारलं, "दोन दिवसांत काय काय खाल्लं?"

मी सांगत गेले. भाकरी, वरण, खीर.

"कसली खीर?"

खसखस म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. त्याचा अंश लघवीत उतरतो, दोनेक दिवस दिसू शकतो. "मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "राहून गेलं." माझी जुनी गोळी त्यांनी तिथंच, नाव घेऊन, वेगळ्या पट्टीवर तपासली. ती सापडली नाही. "मला वाटतं हे खिरीचंच आहे. थोडे दिवस खसखस बंद ठेवा, पुन्हा तपासू."

"वाटतं म्हणजे?" संदीपनं विचारलं. "खिरीचंच आहे असं लिहून देता येईल का?"

"तसं नाही लिहिता येत. अंश सापडला एवढंच लिहिता येतं. कशातून आला ते लघवी सांगत नाही."

गाडीत बसल्यावर संदीपनं किल्ली लावली नाही, हातातच धरली. मग म्हणाला, "आधी पाठ होती. आता खीर आहे."

"अहो, मॅडम स्वतः म्हणाल्या."

"मॅडम म्हणाल्या, 'वाटतं'." तो शांतपणेच बोलत होता. "जुनी गोळी नाही सापडली, अफू सापडली. म्हणजे गोळी सोडून अफू धरली असंही होऊ शकतं ना? मी कसं ओळखू? तूच सांग, मी कशावरून ओळखू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी गोळ्या खात होते तेव्हा कागदानं मला सोवळी ठरवलं आणि यानं माझी माफी मागितली. आता पोटात खिरीशिवाय काही नव्हतं, तर तोच कागद मला चोर म्हणत होता. दोन्ही वेळा संदीपनं कागदावर विश्वास ठेवला, कारण माझ्यावर ठेवायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. रडूसुद्धा आलं नाही. आतून सगळं बंद पडल्यासारखं झालं.

घरी आईला सांगितलं. ती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी होती. खिरीचं उरलेलं पातेलं अजून ओट्यावर होतं.

"खिरीनं?" ती म्हणाली. "माझ्या खिरीनं?" मग पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. "म्या काय ईख घातलं का गं तुला? पोरीला झोप लागावी म्हणून केली व्हती. आता माझ्यामुळं लेकरू येत नाय व्हय घरी?"

मी तिला जवळ घेऊन "नाही गं आई, तुझा काय दोष" असं म्हणायला हवं होतं. मी खोलीत जाऊन पडले. तिनं पातेलं घासायचा आवाज येत होता, बराच वेळ.

*

आई ऐकेना. "तुझ्या सासूपुढं म्याच बोलते. खीर म्या केली, तर सांगायचं बी म्याच." आम्ही दोघी एसटीनं पाचोडला गेलो. बाजाराचा दिवस होता, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. आईनं रेवासाठी रेवड्या घेतल्या.

सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. रेवा त्यांच्या मांडीला टेकून वहीत काहीतरी काढत होती. मला बघून ती उठली, हसली, मग आजीकडं बघितलं आणि जागेवरच थांबली. उंच झाली होती.

आईनं सगळं सांगितलं. खीर, खसखस, पट्टी. सांगताना तिचा आवाज कापत होता. पिशोरमध्ये ही बाई कुणापुढं मान खाली घालत नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. वाईट नाही बोलल्या, तसं खोटं मी सांगणार नाही.

"विहीणबाई, तुमचं खरं असंल," त्या म्हणाल्या. "पण पहिल्यानं बी असंच झालं व्हतं ना? नॉर्मल हाय, नॉर्मल हाय. म्या गावभर सांगितलं. मंग काय झालं? लेकराच्या समोर पडली ही."

"आत्याबाई, या वेळी मी काही घेतलेलं नाही," मी सासूबाईंना म्हटलं.

"कशावरून खरं धरू बाई?"

तेच. संदीपनं विचारलेलं तेच. माझ्याकडं कागद नव्हता, साक्षीदार म्हणून खीर करणारी माझीच आई होती, आणि मला माझी पोर पाहिजे होती. मग मी ते केलं, जे आमच्याकडं बाईजवळ शेवटचं म्हणून उरतं. "मी रेवाची शपथ घेते," म्हटलं, आणि तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला.

रेवानं मान खाली घेतली आणि मागं सरकली. माझा हात हवेतच राहिला.

"नको मम्मी."

"अगं, खरं बोलतेय मी. काही होत नाही."

ती आजीच्या मागं गेली. तिथून म्हणाली, अगदी हळू, जशी गणित अडलं की विचारते तशी, "पण खोटं असलं तर मी मरेन ना?"

खोटी शपथ घेणाऱ्याला काही होत नाही. ज्याच्या डोक्यावर हात असतो त्याला होतं. हे आमच्याकडं पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. सासूबाईंनीही शिकवलं नसणार, कारण त्यांचाच चेहरा उतरला. त्या रेवाला म्हणाल्या, "असं बोलू नाय माय." रेवा काही पुढं आली नाही.

तिनं मला खोटारडी म्हटलं नाही. तिला फक्त खात्री नव्हती, आणि जीव तिचा होता. मी हात खाली घेतला. आईनं रेवड्यांची पुडी ओसरीवर ठेवली आणि आम्ही स्टँडकडं निघालो.

*

त्यानंतर सगळे रिपोर्ट स्वच्छ आले आहेत. आमच्या घरात आता खसखस येत नाही. आईनं पिशोरच्या घरातली पण फेकून दिली. तुमच्या घरात असा कुणी असेल तर लॅबमध्ये लाजू नका, काय शोधायचं ते स्पष्ट सांगा, आणि काय खाल्लंय तेही आधीच सांगा. मला सांगता येण्यासारखं एवढंच आहे. बाकी धीर धरा, सगळं ठीक होईल, असं मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही. गोळीची आठवण अजून येते. विशेषतः संध्याकाळी, घरात कुणाचा आवाज नसतो तेव्हा.

रेवा वार्षिक परीक्षेनंतर येणार आहे, असं संदीप म्हणतो. तो आता माझ्याशी पूर्वीपेक्षा चांगलं बोलतो. रविवारी तिला भेटायला घेऊन येतो.

गेल्या रविवारी ती आली तेव्हा मी मशीनवर होते. ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि शाळेतलं सांगायला लागली. तिच्या वर्गात एक मुलगी आहे, ती डब्यातलं लोणचं कुणाला देत नाही. सांगता सांगता तिच्या एका वेणीची रिबन सुटली. मी मशीन थांबवली आणि बांधून द्यायला हात पुढं केला.

तिनं मान आत ओढून घेतली, रिबन स्वतःच ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

"चुरगळलीय," म्हणाली. "तू नुसती इस्त्री करून दे मम्मी. बांधते मी."

मी इस्त्री गरम करायला लावली.